पाचवी पेशी

चार तर नक्की होत्या. गडद, गोल, मोहरीच्या दाण्यांसारख्या, नळीच्या भिंतीत शिरून बसलेल्या — त्यांना ओळखायला अडतीस वर्षांचा अनुभव लागत नाही, दुसऱ्या वर्षाचं पोरही ओळखतं. प्रश्न पाचवीचा होता. ती बसली होती नळीच्या कडेला, बरोबर नळीची हद्द आखणाऱ्या गुलाबी रेघेवर, एखादी बाई शेजारणीच्या उंबरठ्यावर टेकते तशी — आत ये म्हटलं तर नको गं, निघालेच, आणि मग तासभर तिथेच... आत धरली तर पाच. बाहेर धरली तर चार. मधुसूदनरावांनी सूक्ष्मदर्शकाची फोकसची बारकी चकती जराशी फिरवली. पेशी आत गेली. आणखी जराशी फिरली, बाहेर आली. दुसऱ्यांदा खरं तर त्यांनी चकती फिरवलीच नव्हती. बोटं फिरली होती.

त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि कूलरकडे रागाने पाहिलं, जणू सगळी हालचाल तिकडूनच येत होती.

नियम साधा आहे. किडनीत बारीक नळ्या असतात, लाखांनी. एकाची किडनी दुसऱ्याच्या पोटात बसवली की त्या दुसऱ्याचं शरीर कधी ना कधी विचारतंच — हे कोण, कुठून आलं, कोणाला विचारून आलं — आणि मग रक्तातल्या पेशी त्या नळ्यांच्या भिंतींत शिरू लागतात. सुईने काढलेल्या तुकड्यात त्या किती शिरल्या ते पॅथॉलॉजिस्टने मोजायचं. सगळ्यांत बिघडलेली नळी शोधायची, तिच्या एका छेदात मोजायचं. चारपर्यंत असल्या तर बॉर्डरलाइन, म्हणजे संशय आहे, सिद्ध नाही. पाच झाल्या, आणि आसपासची सूज पाव हिश्शाच्या वर असली, की रिजेक्शन, पहिली पायरी. हे सगळं मुळात कॅनडातल्या बान्फ नावाच्या गावी, बर्फाच्या डोंगरांत बसून शहाण्या माणसांनी ठरवलं, आणि दर दोन-एक वर्षांनी ती माणसं पुन्हा कुठेतरी बसून त्यात थोडाथोडा बदल करतात. पंचेचाळीस अंशांत, कूलरमधल्या खसच्या वासात, धंतोलीच्या लॅबमध्ये बसून तो नियम पाळणाऱ्याला ते कधी विचारत नाहीत. मधुसूदनरावांची त्याबद्दल तक्रार नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी नियम आणखी कडक करायला सांगितला असता.

या स्लाइडवर सूज पाव हिश्शाच्या वर होती. त्यात वाद नव्हता. वाद पाचवीचा.

आणि स्लाइड त्यांची होती. म्हणजे त्यांच्या पोटातली. म्हणजे, कागदोपत्री बोलायचं तर, किडनी देणाऱ्या बायकोची, चारुशीलाबाईंची.

स्लाइडवर नाव नव्हतं, नंबर होता: अकराशे सत्तेचाळीस. आधी नुसत्या नंबरावर स्लाइड वाचायची, मत चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, नाव आणि फॉर्म नंतर पाहायचा. आणि शंकेची केस असेल तर दोघांनी वेगवेगळं वाचायचं — ही शिस्त या लॅबला त्यांनीच लावली होती. मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांची विद्यार्थिनी सरिता हिने इथे खुर्ची दिली, मंगळवार आणि शुक्रवार. त्या खुर्चीत बसल्याबसल्या पहिल्या आठवड्यात त्यांनी हा नियम केला. दुसरा वाचणारा म्हणजे तेच. तिसरं कोणी लॅबमध्ये नव्हतं. तेव्हा सरिताने आज सकाळी सात स्लाइडांचा ट्रे पाठवला त्यात ही आली, ते नियमाला धरूनच होतं. सरांना नंबर कुठे माहीत, असं तिला वाटलं असणार. पण बायोप्सीच्या टेबलावर उताण्या पडलेल्या माणसाला छताखेरीज दिसतं ते एवढंच — नर्सच्या हातातली बाटली, आणि बाटलीवरचा स्टिकर. बुधवारी दुपारी सुई आत असताना मधुसूदनरावांनी, सवयीने, नंबर पाठ केला.

प्रामाणिक माणसाने ट्रे परत पाठवला असता. मी पाठवणारच होतो, फक्त एकदा बघून... बघण्यात काय आहे.

आता बघून झालं होतं. आयुष्यभर ते 'बॉर्डरलाइन' या शब्दाच्या मागे लागले होते. परीक्षेत कोणी लिहिला की लाल शाईने गोल करायचे. सरिताच्या पेपरावर तर त्यांनी समासात लिहिलं होतं की बॉर्डरलाइन ही पॅथॉलॉजिस्टसाठी केलेली सार्वजनिक शौचालयाची सोय आहे. अडचणीच्या वेळी जरूर जावं, मुक्काम करू नये. सरिताने तो पेपर अजून ठेवला आहे आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांना दाखवते. आणि आज सकाळी अकरापासून सर तिथेच मुक्काम शोधत होते.

उपचारांत म्हणावा तसा फरक नव्हता. रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी थकली की चढतं ते, एक पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक आठवर गेलेलं; किडनीचे डॉक्टर विक्रम दोन्हीत आधी तीच तीन इंजेक्शनं देणार. फरक होता प्रश्नाचा. बॉर्डरलाइन म्हटलं की लोक मान हलवतात, होतं असं कधीकधी. रिजेक्शन म्हटलं की कोणीतरी विचारतं, का? औषध तर वेळेवर होतं ना?

सोमवारी विक्रमने ते विचारलंही होतं. "सर, डोस वगैरे चुकला का कधी?" आणि मधुसूदनरावांनी तोंड उघडायच्या आत चारुशीलाबाई म्हणाल्या होत्या, "चुकेल कसा? डबी मी स्वतः भरते."

ते खरं होतं. स्टीलची डबी, चौदा कप्पे, रविवारी रात्री जेवणं झाली की त्या भरायला बसत. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, पुस्तक जागेवर नाही म्हणजे काय हे तिला कळतं. किडनीला त्या 'ती' म्हणत. तिला पाणी मिळालं का. तिला सीताबर्डीच्या गर्दीत नेऊ नका. चार वर्षांपूर्वी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी फार काही भाषण केलं नव्हतं. रक्तगट जुळतो म्हणाल्या, मग घ्या. मधुसूदनरावांनी आपल्या जुन्या रजिस्टरांतून पाहिलं होतं, नवऱ्यांना बायकांनी दिलेल्या किडन्या पानंच्या पानं. बायकोला नवऱ्याने द्यायच्या ठरलेल्या दोन, त्यातल्या एकाचं मन ऑपरेशनला जाताना लिफ्टपाशी बदललं होतं. ते त्यांनी एका पार्टीत विनोद म्हणून सांगितलंही होतं. सगळे हसले. चारुशीलाबाईंनी तेव्हा भजी वाढली.

चार, की पाच.

त्यांनी पुन्हा चकतीला हात लावला. पेशी आत, बाहेर, आत... रेघ जाड झाली, विरली, दुसरीकडेच उगवली. हात कापत होता. मंगळवारी सकाळी दवाखान्यात भरती झाल्यापासून नर्सने सकाळी नऊ आणि रात्री नऊ, घड्याळ लावून, हातावर कॅप्सूल ठेवली होती आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली होती. आज सकाळी तर चारुशीलाबाई उभ्या होत्या. औषधाचा गुण तोच, की शरीराला परकं ओळखू देत नाही. आणि अवगुण हा, हात.

"देवाजी," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या."

देवाजी आतल्या खोलीतून आले. लॅबचे जुने टेक्निशियन, रामटेककडचे. मेडिकल कॉलेजपासून मधुसूदनरावांच्या बरोबर. ही स्लाइड कापली तीही त्यांनीच, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. तीस वर्षांत दोघांचं बोलणं झालं ते बहुतेक कापण्याबद्दलच: जाड आली, सुरकुती पडली, पुन्हा घ्या.

"चकती तुम्ही फिरवा. मी सांगतो तसं."

देवाजींनी स्टूल ओढलं, बोट चकतीवर ठेवलं. "पुढं का मांगं?"

"पुढे. सावकाश. आणखी... थांबा. केसभर मागे."

चित्र थांबलं. इतकं स्वच्छ थांबलं की मधुसूदनरावांना क्षणभर बरं वाटलं, जसं चष्म्याचा नंबर बदलल्यावर वाटतं. गुलाबी रेघ नळीच्या कडेने निघाली, पाचवीपाशी आली, आणि तिच्या बाहेरच्या अंगाने, कसलीही घाई न करता, पुढे गेली.

आत होती. पाच.

"दिसलं का जी?"

"हं."

देवाजींनी बोट काढलं नाही. "सायेब, एक इचारू? हात काहून थरथरून राहिला तुमचा?"

"गोळ्यांनी होतं तसं, देवाजी. माहीत आहे तुम्हाला."

"हो जी. मांगच्या दिवाळीत घरी आले होते तं तुमच्या हातात चहाची बशी वाजे, तवापासून मले माहीत हाय." त्यांनी बोट चकतीवरून काढलं. "पण मंग मंगळवारी न शुक्रवारी काहून नव्हता होत? सालभर... नाही, संक्रांतीपासून. स्लाइडच्या दिवशी तुमचा हात कसा, आपल्या चाकूवानी. मले वाटे, सायेब योगा करून राहिले."

कूलरमध्ये पाणी संपत आलं होतं. पंप कोरडा फिरल्याचा आवाज यायला लागला.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दोघांनी एकदम पाहायच्या जोडसूक्ष्मदर्शकावर ते शिकवत होते, समोरून गार्गी नावाची मुलगी पाहत होती — हुशार, नम्र, त्यामुळे जास्त लागलं. ती म्हणाली, सर, थोडं स्थिर कराल का? तेवढंच. बाकीची पोरं खाली पाहू लागली. घरी गेल्यावर त्यांनी तिचं वाक्य दहादा मनात म्हणून पाहिलं आणि त्यात काहीही वाईट सापडलं नाही. पुढच्या शुक्रवारी, सोळा जानेवारीला, चारुशीलाबाईंनी दिलेली सकाळची कॅप्सूल त्यांनी नेहमीसारखी खिशात घातली — साडेआठला घरून निघायचं, नऊला लॅबमध्ये घ्यायची — आणि नऊ वाजले, आणि घेतली नाही. दहाला हात बराच शांत होता. अकराला त्यांनी एक अवघड केस अशी सोडवली की सरिताने उठून चहा मागवला. एक डोस. एका डोसाने काय होतं. कुठल्याही रुग्णाने हे वाक्य म्हटलं असतं तर मधुसूदनरावांनी त्याला दारातच उभं केलं असतं.

फसवायचं असं ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही. रक्तातलं औषध तपासायचं सोमवारी, आणि सोमवारपर्यंत शनिवार-रविवारच्या कॅप्सूल पोटात गेलेल्या असत, डबीतल्या, चारुशीलाबाईंच्या देखत. रिपोर्ट दर वेळी उत्तम. कॅलेंडरनेच त्यांच्या वतीने खोटं बोलायचं काम घेतलं होतं.

आणि न घेतलेल्या कॅप्सूल टाकवेनात. त्या त्यांनी कपाटातल्या जुन्या लाकडी स्लाइडपेटीत ठेवल्या — शंभर खाचांची पेटी, एका खाचेत एक — आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख. ही मात्र शुद्ध सवय. चोर चोरीची नोंद ठेवत नाही. पॅथॉलॉजिस्ट नमुना बिननावाचा ठेवत नाही.

"पेटी पाह्यली मी," देवाजी म्हणाले. "कपाट मीच पुसतो न. तारखा पाह्यल्या तं मले वाटलं, सायेब कशावर तरी संशोधन करून राहिले."

"संशोधनच झालं ते," मधुसूदनराव म्हणाले. "रिझल्ट तुम्ही आत्ता फोकस केला."

देवाजी हसले नाहीत. उठले, स्टूल जागेवर ठेवलं. "वयनीले सांगजा," म्हणाले, आणि कूलरमध्ये पाणी घालायला गेले.

चिठ्ठी लिहायला वेळ लागला, अक्षर नीट येईना म्हणून. सूज: दर्जा दोन. नळ्या: पेशी पाच, दर्जा दोन. रिजेक्शन, पहिली पायरी. घडी घातली. पेपरवेटखाली सरिताची चिठ्ठी आधीपासून होती, तिच्याशेजारी ठेवली. हे लिहिताना काही मोठं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटलं इतकंच की पेन नवीन घ्यायला हवं.

चारला सरिता आली, खुर्ची ओढून बसली. तिने आधी त्यांची चिठ्ठी उघडली. मग स्वतःची उघडली आणि टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवली. तिच्या गोल अक्षरात होतं: चार ते पाच. बॉर्डरलाइन. पुढे प्रश्नचिन्ह.

"तुला मी काय शिकवलं होतं?"

"आठवतं, सर."

"मग?"

"अडचणीच्या वेळी जावं असंही लिहिलं होतं तुम्ही." तिने दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. "कोणाची स्लाइड आहे ते मला कळलं होतं. फॉर्म देवाजी लावून घेतात, आणि ते दोन दिवस कोणाशी बोलत नव्हते. तुम्हाला नंबर माहीत नसेल असं वाटलं... नव्हतं वाटलं खरं तर. पण नियमाप्रमाणे पाठवली."

नियमाप्रमाणे, आणि बॉर्डरलाइनचा आडोसा तयार ठेवून. त्यांना तिचा राग आला आणि तो लगेच गेला. जाताना जागा मोकळी करून गेला, तिथे काय ठेवायचं ते कळेना.

सरिताने फॉर्म उघडला. "मला फक्त हे कळत नाही, सर. औषधाची पातळी सगळीकडे बरोबर आहे. डोस एकही चुकलेला नाही. पूर्ण औषध चालू असताना रिजेक्शन म्हटलं की विक्रम सर तीन इंजेक्शनांवर थांबणार नाहीत, ते त्याहून कडक, वरचं औषध सुरू करतील. ते या वयात... जंतुसंसर्ग झाला तर किडनी वाचवता वाचवता माणूस..." तिने वाक्य सोडून दिलं आणि फॉर्म त्यांच्याकडे सरकवला.

भरतीच्या वेळी नातेवाइकाने भरायचा भाग. रुग्णाचं नाव. दात्याचं नाव. नातं: पत्नी. औषधे नियमित घेतली जातात का? — त्यापुढच्या चौकोनात 'होय'ची खूण, ठसठशीत, एका दमात केलेली. ग्रंथालयातल्या पुस्तकावर परतीची खूण करावी तशी. चारुशीलाबाईंची खूण. त्यांनी ती चौकोनाच्या बाहेर एक काडीही जाऊ दिली नव्हती.

मधुसूदनरावांनी खुणेकडे बराच वेळ पाहिलं. अडतीस वर्षं ते लोकांच्या आतलं पाहत आले आणि त्यात काय आहे ते एका ओळीत लिहीत आले. ही खूण कोणत्या पायरीत बसते ते त्यांना सांगता येईना. ती चुकीची होती. आणि तिच्यात कुठेही, कितीही मोठं करून पाहिलं तरी, दोष नव्हता.

"रिपोर्ट आज पाठवू?" सरिताने विचारलं.

"पाठव. पाच म्हणूनच पाठव." ते उठले. "आणि विक्रमला म्हण, वरचं औषध उद्यापर्यंत सुरू करू नको. सर फोन करतील."

"काय सांगणार आहात, सर?"

"आधी घरी सांगायचं आहे," ते म्हणाले, आणि हे वाक्य आपण म्हटलं याचं त्यांना स्वतःलाच जरा आश्चर्य वाटलं.

कपाटातून त्यांनी पेटी काढली. देवाजींनी न सांगता वर्तमानपत्र दिलं, पण गुंडाळायला बोटं साथ देईनात, म्हणून ती तशीच हातात घेतली.

फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. बायोप्सीनंतर आठवडाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं विक्रम म्हणाला होता. चारुशीलाबाईंनी ते ऐकून दुसऱ्याच दिवशी गाडीची हवा भरून घेतली होती. त्यांनी आतून दार उघडलं.

"काय म्हणते ती?"

"रिपोर्ट झाला."

"बसा आधी. ऊन लागेल." त्यांनी पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली, पेटी पाहिली, काही विचारलं नाही, नवऱ्याच्या कपाटातून निघणाऱ्या पेट्यांना त्या सरावल्या होत्या. गाडी निघाली. नंदनवनपर्यंत या वेळेला अर्धा तास. अर्ध्या तासात बरंच सांगून होतं. सुरुवात कुठून करायची एवढंच — सोळा जानेवारीपासून, की पाचवीपासून, की गार्गीपासून... गार्गीपासून नको. गार्गीपासून म्हणजे सबब, पुन्हा बॉर्डरलाइन.

"कसला आवाज येतोय हो?" चारुशीलाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"खुळखुळ असा. डॅशबोर्डमध्ये असेल. त्या पोराला म्हटलं होतं स्क्रू बघ म्हणून." त्यांनी एसी बंद केला. मग सिग्नल लागला तेव्हा इंजिनही बंद केलं. उन्हाची धग काचांतून आत आली. लाल आकडे उतरू लागले, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी.

आवाज होताच. बारीक, एकसारखा. एक्केचाळीस कॅप्सूल, लाकडाच्या एक्केचाळीस खाचांत.

"गाडीचा नाही हा," त्या म्हणाल्या आणि मान थोडी तिरपी करून ऐकू लागल्या, ग्रंथालयात कोणत्या टेबलावर कुजबुज चालली आहे ते शोधत तशा.

मधुसूदनरावांनी पेटीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने दाबून धरला की थांबतो. पाच महिन्यांत एवढं तर जमलं होतं. दुसरा हात पाण्याच्या बाटलीवर होता. गार होती बाटली. पोटातल्या 'ती'ला दिली पाहिजे, चार वाजल्यापासून पाणी नाही तिला...

दाबून धरू का?

बहात्तर. एकाहत्तर. चारूचा कान माझ्या बाजूला वळला आहे. वाजू दे. बाटलीवरचा हात मी तिथेच ठेवला.